एक लाख दूर्वा आणि जगण्याचा अर्थ

वाईला ज्येष्ठ नागरिकांच्या एका सभेत ‘लिव्हिंग विल’वर चर्चा ठेवली होती. आत्याला घेऊन मी गेले होते. विषय तसा कागदपत्रांचा होता: बरं होण्याची आशा संपली आणि बोलण्याची ताकद उरली नाही, तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून कसं ठेवायचं, सही कुणासमोर करायची, कागद कुणाकडे द्यायचा. दहा मिनिटांत चर्चा त्या कागदावरून उडाली आणि थेट जगण्याच्या अर्थावर जाऊन बसली. एक वक्ते म्हणाले, आयुष्याला अर्थ देणारा तो वर बसलाय, तो अर्थ संपला असं ठरवणारे तुम्ही कोण? दुसरे म्हणाले, अर्थ वगैरे सगळं ज्याच्या त्याच्या मनात असतं, ज्याला जे वाटेल ते त्याच्यापुरतं खरं, त्यावर वाद कसला घालता? टाळ्या दोघांनाही पडल्या. परत येताना रिक्षात आत्या गप्प होती. मला मात्र राग आला होता, आणि तो दोघांचाही आला होता. दोघं एकाच चुकीवर उभे राहून एकमेकांशी भांडत होते.

ती चूक अशी, की व्यक्तिगत म्हणजे मनाला येईल तसं. पहिल्याला तसं वाटतं म्हणून तो घाबरतो आणि अर्थाला देवाच्या, धर्माच्या, देशाच्या खुंटीला बांधू पाहतो. दुसऱ्यालाही तसंच वाटतं, म्हणून तो खूश होतो आणि हात झटकून मोकळा होतो. माझं म्हणणं सरळ सांगते. जगण्याचा अर्थ व्यक्तिगतच असतो. तो ज्याचा त्यालाच आतून कळतो, त्याचा दाखला बाहेरून कुणी देऊ शकत नाही आणि कुणी रद्दही करू शकत नाही. पण तो मर्जीचा मामला नाही. दाढ दुखते तेव्हा ते दुखणं माझंच असतं, दुसऱ्या कुणाला ते जाणवत नाही. म्हणून ते मी निवडलेलं असतं का? नको म्हटलं की थांबतं का? व्यक्तिनिष्ठ गोष्टही खरी असते, हट्टी असते, आणि तिच्याबद्दल माणसाची स्वतःचीही फसगत होऊ शकते. एवढं मान्य केलं, तरी वादातला निम्मा धुरळा खाली बसतो.

या वादात एक उदाहरण नेहमी पुढे केलं जातं. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ सालच्या आपल्या ग्रंथात एका कल्पित माणसाची गोष्ट मांडली. हा माणूस बुद्धिमान आहे, अवघड गणितं सोडवून पोट भरतो, पण त्याला आनंद एकाच गोष्टीत आहे: बागेतल्या हिरवळीची गवताची पाती मोजत बसणं. अर्थ व्यक्तिनिष्ठ मानला तर या माणसाचं आयुष्यही अर्थपूर्ण मानावं लागेल, मग झालंच की, असं म्हणून विरोधक हे उदाहरण आपटतात. स्वतः रॉल्स यांनी मात्र, त्या माणसाचं हित गवत मोजण्यातच आहे, हे मान्य केलं होतं. ते सोयीस्कर विसरलं जातं. आणि मला तर हे उदाहरण ऐकलं की हसू येत नाही, आत्या आठवते.

कारण आत्या गवत मोजते. चातुर्मासात तिची गणपतीला लाख दूर्वांची लाखोली असते. एकवीस दूर्वांची एक जुडी, रोज चाळीस जुड्या. ओल्या फडक्यात दूर्वा ठेवलेल्या असतात. एक डोळा काचबिंदूने गेला आहे, दुसऱ्याने जेमतेम दिसतं, म्हणून ती दूर्वा बोटांनीच पारखते. कोवळ्या शेंड्यावरून अंगठा फिरवते, तीन पानं लागली तर घेते, दोनच लागली तर बाजूला टाकते. एकविसावी दूर्वा आली की ओठांचं पुटपुटणं थांबतं आणि दोऱ्याचा वेढा बसतो. एकदा मी हिशेब करून सांगितलं, आत्या, ४७६२ जुड्या झाल्या की लाखावर दोन जास्तच होतात. ती म्हणाली, “जास्त झाल्या तर झाल्या, कमी पडायला नकोत गं.” पंचाऐंशीच्या घरातली, नवरा आणि एक मुलगा गमावलेली ही बाई त्या दोन तासांत जशी दिसते, तशी दिवसभरात पुन्हा दिसत नाही.

पहिले वक्ते लगेच म्हणतील, हेच तर आम्ही सांगतोय! तिच्या गवताला अर्थ आहे तो गणपतीमुळे, परंपरेमुळे. तो अर्थ बाहेरून आलेला आहे. आक्षेप वजनदार आहे. पण त्याच आळीतल्या दुसऱ्या एका बाईंनी त्याच वर्षी तीच लाखोली धरली होती. तोच गणपती, त्याच बांधावरच्या दूर्वा, तोच आकडा. महिन्याभरात त्यांनी ती सोडली, आणि प्रामाणिकपणे सांगितलं की मन लागत नाही, नुसती बोटं दुखतात. अर्थ जर विधीत असता, देवतेत असता किंवा आकड्यात असता, तर तो दोघींना सारखाच मिळायला हवा होता. परंपरेने दोघींना दूर्वा दिल्या. दूर्वांना अर्थ मात्र एकीच्याच हातात आला.

आणि दुसऱ्या वक्त्यांनीही ऐकावं. आत्याने हा अर्थ दुकानात जाऊन पसंत केलेला नाही. सासूबाईंच्या शेजारी बसून ती जुड्या बांधायला शिकली. मुलगा गेला त्या वर्षी तिने सगळं सोडलं होतं. तीन वर्षांनी ते परत सुरू झालं, आणि का झालं हे तिलाही सांगता येत नाही. उद्या तिला म्हटलं, आत्या, दूर्वांऐवजी शब्दकोडी सोडव, वेळ तसाच जाईल, तर ती करू शकेल का? अर्थ हा ठरवून बदलता येत नाही. तो सापडतो, हरवतो, कधी परत येतो. ‘आपापला अर्थ आपण निर्माण करा’ असं तरुणांना सांगत फिरणाऱ्यांनी ही गोष्ट लपवून ठेवली आहे.

आता इतिहासाकडे बघू. समाज ज्याला मोलाचं मानतो त्यालाच अर्थ, असा एक सभ्य पर्याय काही जण सुचवतात. देव नको तर निदान समाज तरी. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली एका विधवेशी लग्न केलं, तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं. १९५८ साली, शंभरी गाठलेल्या त्याच माणसाला देशाने भारतरत्न दिलं. मग काय म्हणायचं? १८९३ मध्ये त्यांच्या जगण्याला अर्थ नव्हता, आणि पासष्ट वर्षांनी दिल्लीहून तो मागच्या तारखेने मंजूर होऊन आला? त्यांच्या चिरंजीवांचं तर त्याहून अवघड. रघुनाथराव कर्व्यांची प्राध्यापकी संततिनियमनाच्या प्रचारापायी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक पदरमोड करून चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी खटला हरले. सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तो १९५२ साली, आणि पुढच्याच वर्षी ते गेले. वडील त्यांच्यामागे नऊ वर्षं जगले.

काळाने त्यांना बरोबर ठरवलं म्हणून त्यांच्या जगण्याला अर्थ आला, असं आपण आज सहज म्हणतो. पण काळाने बरोबर ठरवलं नसतं तर? ज्यांची भाषा, ज्यांची कला, ज्यांची चळवळ त्यांच्याबरोबरच संपली, अशी कितीतरी माणसं आहेत. त्यांनी घालवलेल्या रात्री निकालाअभावी फुकट गेल्या असं म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे? दर महिन्याला अंकाची मुद्रितं तपासणारा रघुनाथराव निकालाची वाट बघत बसला नव्हता. त्याला ते काम करायचं होतं, आणि न करता राहणं त्याला शक्य नव्हतं. समाजाच्या मान्यतेने माणसाचं जगणं सोपं होतं, अर्थ मात्र त्याआधीच तिथे असतो किंवा नसतो.

देवाच्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी एक गोष्ट, आणि ती त्यांच्याच घरची. गीतेत सतरा अध्याय आणि अठराव्याचा मोठा भाग सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतो, ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु’. हे सगळं नीट पारखून घे आणि मग तुला हवं तसं कर. जाणकार वाचक म्हणेल, तीनच श्लोकांनंतर ‘मामेकं शरणं व्रज’ आहे, ते का गाळता? गाळत नाही. पण शरण जायचं तरी कुणी? अर्जुनानेच ना? म्हणून तर शेवटी त्याच्या तोंडून यावं लागतं की माझा मोह गेला, संदेह फिटला, आता तू सांगतोस तसं करीन. खुद्द भगवंत समोर उभा असतानाही ‘मला पटलं’ हे वाक्य अर्जुनालाच उच्चारावं लागलं. ईश्वराने दिलेला अर्थसुद्धा माणसाला स्वतःच्या आत घ्यावा लागतो, आणि तो घेतला जाईपर्यंत ते नुसतं सांगणं असतं.

विरोधी बाजूचे तीन मुद्दे मात्र मला खरोखर अडवतात, आणि त्यांना बगल देऊन पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. पहिला: दंगलीत घरं पेटवणाऱ्यालाही आपलं आयुष्य अर्थाने काठोकाठ भरल्यासारखं वाटत असेल, त्याचं काय? होय, वाटत असेल. मी ते नाकारत नाही. अर्थपूर्ण असणं आणि चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीचं काम दुसरीवर टाकलं की दोन्ही बिघडतात. त्याला अडवायला न्याय आहे, कायदा आहे, शेजाऱ्याचा जीव आहे. ‘तुझ्या जगण्याला खरा अर्थ नाही’ असं प्रवचन देऊन कोणता जमाव आजवर घरी परत गेला आहे? उलट अर्थ वरून ठरवून देणाऱ्या व्यवस्थांनीच अशा जमावांना सर्वांत जास्त माणसं पुरवली आहेत.

दुसरा मुद्दा फसवणुकीचा. एखाद्याने वीस वर्षं एका बुवाच्या चरणी घालवली, आणि एके दिवशी बुवा तुरुंगात गेला. अर्थ व्यक्तिनिष्ठ असेल तर ती वीस वर्षं अर्थपूर्णच म्हणायची का? त्या माणसालाच विचारा. ‘तोवर छान वाटत होतं ना, मग झालं’ असं तो कधीच म्हणणार नाही. तो म्हणेल, मी फसलो. कारण त्याला छान वाटून घ्यायचं नव्हतं, त्याला खरं काहीतरी हवं होतं. ज्या मापाने तो स्वतःला फसलेला ठरवतो, ते मापही त्याच्याच आत आहे. आणि पुढे कधीतरी तो हळू आवाजात सांगेल की आश्रमात भात वाढायचो ते मात्र खोटं नव्हतं, तिथे जोडलेली चार माणसं खोटी नव्हती. काय वाया गेलं आणि काय उरलं याची ही निवड त्याच्याशिवाय कोण करू शकेल?

तिसरा मुद्दा सर्वांत जड आहे. हताश माणसाला ‘तुझा अर्थ तूच शोध’ असं सांगणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचं स्वातंत्र्य देणं. हे मला पूर्ण मान्य आहे. यवतमाळच्या शेतकऱ्याच्या दारात जाऊन जीवनाच्या सार्थकतेवर बोलणाऱ्या माणसांचा मला संताप येतो. त्या घराचं संकट अर्थाचं नसतं. ते कापसाच्या भावाचं असतं, कर्जाचं असतं, पावसाने दिलेल्या ओढीचं असतं. त्याच्या जगण्याला अर्थ होताच. मातीत होता, बैलात होता, लेकीच्या शिक्षणात होता, आणि तो चालू ठेवण्याची साधनं त्याच्याकडून काढून घेतली गेली. अर्थ व्यक्तिगत आहे याचा अर्थ समाजाची जबाबदारी संपली असा लावणारे लोक तत्त्वज्ञानाच्या आडोशाला लपतात. कुणी कुणाला अर्थ देऊ शकत नाही, पण तो हिसकावून मात्र घेता येतो. उसंत हिसकावली, मजुरी बुडवली, जातीवरून दार बंद केलं, की तो जातो. म्हणून व्यक्तिगत अर्थाच्या बाजूने बोलणाऱ्याला भाव, मजुरी आणि समतेबद्दलही बोलावंच लागेल.

शिवाय व्यक्तिगत म्हणजे एकट्याचं, असंही नाही. ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता’ ही तुकोबांची ओळ या वादात सगळे सांगतात, आणि तिथेच थांबतात. तिच्यापुढच्याच चरणात तुकोबा म्हणतात की त्यांनी स्वप्नात झालेला गुरूचा उपदेश मानला. बहुमत झुगारून मनाला साक्षीला बोलावणारा हाच माणूस पुढच्या श्वासात सांगतो की मला कुणीतरी वाट दाखवली. साक्ष स्वतःच्या मनाची आणि सोबत दुसऱ्याची, या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात. आत्याला जुडी बांधायला शिकवणारी सासू होती, बांधावरून दूर्वा आणून देणारं शेजारचं पोरगं आहे. त्यांनी तिच्या वतीने अर्थ ठरवला नाही, तो तिला सापडेल अशी जागा ठेवली.

हे सगळं कागदावरचं वाटत असेल, तर परिचारिका अरुणा शानबाग आठवावी. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिच्यावर अत्याचार झाला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेला, आणि १८ मे २०१५ रोजी जीव जाईपर्यंत ती त्याच रुग्णालयात, बोलता न येण्याच्या अवस्थेत, अंथरुणावर होती. पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी तिचं सक्तीचं अन्न थांबवावं म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली, आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिथल्या कर्मचाऱ्यांचा मानला. निकालानंतर परिचारिकांनी पेढे वाटले. त्यांना नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. परिचारिकांच्या कितीतरी तुकड्यांनी इतकी वर्षं एका सहकारिणीला स्वच्छ ठेवलं, भरवलं. त्या सेवेत त्यांना प्रचंड अर्थ मिळाला होता, आणि तो खरा होता. विराणींच्या कळवळ्यातही अर्थ होता. पण दोन्ही बाजूंनी आपल्याला मिळालेला अर्थ, किंवा आपल्याला न दिसलेला अर्थ, अरुणेच्या नावावर लिहिला. तिच्या आत काय होतं? त्या जागी बाहेरच्या कुणाचंही उत्तर बसत नाही, कितीही प्रेमाचं असलं तरी. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने लिव्हिंग विलला मान्यता दिली, आणि ते करण्याची पद्धत २०२३ मध्ये सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. त्यामागची समजूत मला हीच दिसते: ज्याचं आहे त्यालाच विचारा, आणि बोलता येतंय तोवर विचारा.

इथे मला एक धोकाही दिसतो. काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका वृद्ध, निपुत्रिक दांपत्याने राष्ट्रपतींकडे इच्छामरणाची परवानगी मागितली. दोघंही धडधाकट होते. समाजाला आपला आता काही उपयोग नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा सूर होता. त्यांची इच्छा खोटी होती असं म्हणायला मी धजत नाही. पण ‘उपयोग’ हा शब्द मला अजून टोचतो. हे माप त्यांचं स्वतःचं होतं, की म्हाताऱ्या माणसाला रांगेत, बँकेत, घरात आपण रोज जे ऐकवतो ते त्यांच्या आत जाऊन बसलं होतं? गंभीर अपंगत्व आलेली अनेक माणसं आपलं आयुष्य चांगलं चाललंय असं सांगतात, आणि बाहेरच्यांना ते पटत नाही, हे संशोधकांनी वारंवार नोंदवलं आहे. बाहेरून मोजणाऱ्याची फूटपट्टी नेहमी आखूड पडते. ती फूटपट्टी माणसाच्या हातात देऊन ‘आता तुझं तू मोज’ म्हटलं, तर ते मोजणं व्यक्तिगत कसं? म्हणून नुसता फॉर्म देऊन भागत नाही. शेजारी बसावं लागतं, पुन्हा पुन्हा विचारावं लागतं, आणि उत्तर आपल्या सोयीचं आलं तर जास्तच संशयाने ऐकावं लागतं.

त्या सभेनंतर पंधरा दिवसांनी आत्या आपणहून म्हणाली, “तो कागद काढ, लिहून टाकू.” व्हेंटिलेटर, नळी, डायलिसिस, एकेक वाचून दाखवत गेले, ती हो-नाही सांगत गेली. शेवटी मी विचारलं, आत्या, कशासाठी जगवायचं आणि कुठे थांबायचं हे डॉक्टरांना कळावं म्हणून तुझ्या शब्दांत काही लिहायचंय का? खरं सांगायचं तर तिचं उत्तर मी मनात तयार ठेवलं होतं. बोटांना दूर्वा कळतायत तोवर, असं काहीतरी ती म्हणणार. ती बराच वेळ खिडकीकडे तोंड करून बसली. मग म्हणाली, “लिही, जिन्यावर पाय वाजला की कोण आलंय हे मला कळतंय, तोवर ठेवा.”

दूर्वांचं नावही तिने घेतलं नाही. मी विचारलं, आणि जुड्या? “त्या काय गं, त्या कुणीही बांधेल,” ती म्हणाली. फॉर्मवर त्या वाक्यासाठी रकाना नव्हता. मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं.